सुरतेचा प्रेमचंद आणि अमेरिकेचा गॅट्सबी

भुसावळ-नंदुरबारकडून येणारी गाडी उधना स्थानकात थांबली की तीतून उतरणारे खानदेशी तरुण यंत्रमागावरचे किंवा साड्यांच्या बाजारातले काम शोधावयास आलेले असतात खरे. परंतु गावी आपण जे होतो तेच जन्मभर राहावयाचे नाही, ही कामाहूनही मोठी आकांक्षा त्यांच्यासमवेत फलाटावर उतरत असते. या आकांक्षेचे अत्यंत सुंदर आणि अत्यंत दुःखद चित्र जिच्यात रेखाटले गेले, ती एफ. स्कॉट फिट्झगेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पण सुरतेला ती कथा परकी नाही.

नॉर्थ डाकोटातील एका दरिद्री शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी आपले नाव टाकून जे गॅट्सबी होतो आणि पुढे न्यूयॉर्कनजीक समुद्रकाठी वाडा घेऊन शेकडो अनोळखी पाहुण्यांना मेजवान्या देतो, ते केवळ गरिबीमुळे दुरावलेली डेझी परत मिळावी म्हणून. त्याचा खून झाल्यावर त्याचा वृद्ध पिता एक जुने पुस्तक घेऊन येतो. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, १२ सप्टेंबर १९०६ ही तारीख घालून, मुलाने आपली दिनचर्या लिहिलेली असते: सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, वक्तृत्वाचा सराव, खाली काही संकल्प, आणि त्यांत आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकण्याचा एक, ज्यातला पाचाचा आकडा खोडून तीन केलेला. साऱ्या कादंबरीत या खोडलेल्या आकड्याइतके हृदयाला भिडणारे मला दुसरे काही आढळत नाही, कारण आपली ऐपत ओळखून तीन डॉलरांवर येणारा हा प्रामाणिक मुलगाच पुढे चोरट्या मद्याच्या आणि संशयास्पद कर्जरोख्यांच्या व्यवहारांत तालेवार होतो. आणि इतके करूनही, वडिलोपार्जित संपत्तीत वाढलेली डेझी व तिचा नवरा टॉम यांच्या जगाचा दरवाजा त्याला उघडत नाही. ‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने रूढ केला तो १९३१ साली, म्हणजे १९२९ च्या बाजारपतनानंतर. त्या स्वप्नाला लागलेली कीड फिट्झगेराल्डने तत्पूर्वीच पाहिली होती.

आता सुरतेकडे वळू. येथेच १८३१ साली जन्मलेला प्रेमचंद रायचंद बालपणी वडिलांबरोबर मुंबईस गेला आणि इंग्रजी शिकून दलालीच्या धंद्यात पडला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. पश्चिम हिंदुस्थानातून जाणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाला तिकडे ‘सुरत’ असेच म्हणत, आणि तो वारंवार तुटत असल्याने तेथील कामगार या नावाला कंटाळलेले असत. आपल्या शहराचे नाव परक्या मजुरांच्या तोंडी त्राग्याचा शब्द व्हावे, आणि त्याच कापसावर मुंबईत सोन्याचा पाऊस पडावा! त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या; त्यांचे शेअर तारण ठेवून कर्जे आणि त्या कर्जांतून पुन्हा शेअर, अशा चक्रात अवघे शहर सापडले, आणि त्या चक्राच्या मध्यभागी प्रेमचंद होता. १८६४ मध्ये त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आपली आई राजाबाई हिच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शरणागती पत्करली, कापूस गडगडला, आणि १ जुलैला मुदतीच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस उजाडताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदाचेही दिवाळे निघाले.

येथे कादंबरी आणि इतिहास यांची फारकत होते. फिट्झगेराल्डने नायकाला मरण दिले. स्वप्न भंगल्यावरची वर्षे त्याच्या वाट्याला ठेवली नाहीत. प्रेमचंदाला ती पुढची चाळीस वर्षे जगावी लागली. तो पुन्हा धंद्यास लागला, १८७५ साली मुंबईच्या शेअर-दलालांनी आपली जी संस्था स्थापन केली तिच्या संस्थापकांत सामील झाला, आणि १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई मनोरा त्याने डोळ्यांनी पाहिला. ज्या १९०६ ची तारीख गॅट्झच्या वेळापत्रकावर आहे, त्याच साली तो वारला. माझ्या मते कादंबरीकाराने टाळलेली ही चाळीस वर्षेच अधिक अवघड, आणि त्यांना धैर्यही अधिक लागते.

ते धैर्य सुरतेच्याच आणखी एका माणसाला दाखवावे लागले. कवी नर्मदने १८५८ साली, पंचविसाव्या वर्षी, शिक्षकाची नोकरी सोडली आणि अश्रुपूर्ण नेत्रांनी लेखणीसमोर बसून, यापुढे तिच्याच आधारावर जगेन अशी प्रतिज्ञा केली. ती त्याने चोवीस वर्षे पाळली. १८८२ साली कर्जापायी त्याला नोकरी पत्करावी लागली, आणि १८८६ मध्ये तो गेला. सुरतेच्या आमलीरान भागातले त्याचे घर अजून उभे आहे. स्वतःला कसे घडवले याची त्याने लिहिलेली ‘मारी हकीकत’ मुंबईतल्या पडझडीच्या पुढल्याच वर्षी, १८६६ साली, मोजक्या प्रतींत छापली गेली होती; सर्वसामान्य वाचकांच्या हाती ती पडली १९३३ साली.