विश्लेषण : एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले, बँकेने किती दिवसांत परत द्यायचे?

एटीएममध्ये कार्ड घातले, पिन टाकला, यंत्राची घरघर झाली. नोटा मात्र आल्या नाहीत आणि पाठोपाठ खात्यातून १० हजार रुपये वजा झाल्याचा संदेश आला. ग्राहकसेवा केंद्राला फोन केला, तर ‘थोडे दिवस वाट पाहा’ एवढेच उत्तर मिळाले. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता तोंडावर असताना ही वाट परवडणारी नसते. मात्र किती दिवस थांबायचे हे फोनवरचा कर्मचारी ठरवत नाही. ती मुदत रिझर्व्ह बँकेने आखून दिली असून ती चुकली तर बँकेला रोज भरपाई द्यावी लागते.

पैसे नेमके अडकतात कुठे?

एटीएम एका बँकेचे आणि कार्ड दुसऱ्या बँकेचे असते, तेव्हा यंत्राकडून कार्डाच्या बँकेकडे विनंती जाते. ती बँक रक्कम वजा करून मंजुरी पाठवते. त्यानंतर नोट अडकली किंवा नेटवर्क तुटले, तर पैसे खात्यातून गेलेले असतात; पण रोकड यंत्रातच राहते. पुढे रोकड मोजताना ती तेवढी जास्त भरते. प्रत्येक व्यवहाराची नोंदही यंत्रात होते. त्यामुळे पैसे खरोखर बाहेर आले की नाही, हे बँकेला तपासता येते. एटीएम कुठल्याही बँकेचे असले तरी ग्राहकाने तक्रार आपले कार्ड ज्या बँकेचे आहे तिच्याकडेच करायची असते.

मुदत किती, भरपाई किती?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकात अयशस्वी व्यवहारांसाठी पुढील मुदती दिल्या आहेत. दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायचे असतात.

• एटीएममधून रोकड आली नाही : व्यवहारानंतर ५ दिवस
• दुकानात कार्ड वापरले, रक्कम गेली. पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही : ५ दिवस
• यूपीआयने दुकानदाराला पैसे दिले, पण त्याला खात्री मिळाली नाही : ५ दिवस
• यूपीआय किंवा आयएमपीएसने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत : १ दिवस

मुदत उलटल्यावर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. समजा, व्यवहार १ तारखेला झाला आणि पैसे १६ तारखेला परत आले. मुदत ६ तारखेला संपली, म्हणजे १० दिवसांचा उशीर झाला आणि ग्राहकाला १ हजार रुपये मिळायला हवेत. ही भरपाई तक्रारीची वाट न पाहता बँकेने आपणहून जमा करायची आहे. मूळ रक्कम परत आली की बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि भरपाई तपासतच नाहीत. पासबुकातील तारखा जुळवून पाहाव्यात आणि रक्कम नसेल तर लेखी मागावी.

चूक ग्राहकाची असेल तर?

खाते क्रमांक स्वतःच चुकीचा टाकला आणि पैसे भलत्याच खात्यात गेले, तर वरील नियम लागू होत नाही. बँकेला लगेच कळवावे. ती समोरच्या खातेदाराशी संपर्क साधू शकते, पण त्याच्या संमतीशिवाय पैसे परत मिळणे अवघड असते. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास बँकांना सांगण्यात आले होते. ते नाव वाचूनच पुढे जावे. उलट आपल्या खात्यात चुकून आलेली रक्कमही खर्च करू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार ती परत करावी लागते.

परस्पर पैसे काढले गेले तर?

हा व्यवहार फसवणुकीचा असतो. येथे तासातासाला महत्त्व आहे. बँकेला कळवून कार्ड किंवा खाते बंद करावे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसेल आणि संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर तोटा पडत नाही. ग्राहकाने ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे.

बँक दाद देत नसेल तर?

फोनवरचे बोलणे पुरावा म्हणून कामी येईलच असे नाही. तक्रार ई-मेलने, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत लेखी करून पोच घ्यावी. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि एटीएमचा पत्ता लिहावा. तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

बँकेने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या संकेतस्थळावर करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास अर्ज नाकारला जातो. हेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल, तरीही तो स्वीकारला जात नाही.

खाते पतसंस्थेत असेल, तर मार्ग वेगळा आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात. त्यामुळे तेथील तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे किंवा सहायक निबंधकांकडे करावी लागते.

आजच काय करावे?

एटीएमची पावती आणि बँकेचा संदेश डिलीट न करता स्क्रीनशॉट काढून ठेवावा. व्यवहाराची तारीख आणि तक्रारीची तारीख एकाच कागदावर लिहावी. १०० रुपयांचा आणि ३० दिवसांचा हिशेब याच दोन तारखांवरून होतो. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तो आधी अद्ययावत करावा. कारण संदेशच पोहोचला नाही, तर पैसे गेल्याचे कळायलाही उशीर होतो.