वर्णनात्मक संशोधनपद्धती आणि बालभाषा

मानसशास्त्रात प्रयोगाला मानाचे स्थान आहे. एक घटक हेतुपुरस्सर बदलावयाचा, इतर घटक स्थिर ठेवावयाचे आणि परिणाम मोजावयाचा, अशी त्याची रीत. परंतु काही प्रश्नांच्या बाबतीत प्रयोग करणेच निषिद्ध ठरते. मूल भाषा कशी आत्मसात करते, हा त्यांपैकी एक होय. अकबराने सोळाव्या शतकात काही तान्ही मुले, त्यांच्याशी कोणी बोलणार नाही अशा बंदोबस्तात ठेवली होती. ती बोलू शकली नाहीत, अशी नोंद ‘अकबरनाम्या’त आहे. अशा जिज्ञासेचे मोल मुलांना द्यावे लागते. म्हणून येथे हस्तक्षेप न करता, जे घडते त्याची पद्धतशीर नोंद करणे, हाच मार्ग उरतो. निरीक्षण, व्यक्तिवृत्ताचा अभ्यास, सर्वेक्षण आणि सहसंबंधाचा शोध हे या वर्णनात्मक पद्धतीचे प्रमुख प्रकार होत.

हार्वर्ड विद्यापीठातील रॉजर ब्राउन व त्यांचे सहकारी यांनी १९६२ पासून अ‍ॅडम, ईव्ह व सेरा या तीन इंग्रजीभाषी मुलांचे बोलणे त्यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रित केले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ब्राउन यांनी दाखविले की, तिघांचा वेग भिन्न असला तरी १४ व्याकरणिक घटक त्यांनी जवळजवळ एकाच क्रमाने आत्मसात केले. अनेकवचनाचा ‘स’ आणि तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा ‘स’ उच्चाराने सारखेच. तरीही पहिला लवकर येतो, दुसरा उशिरा. तेव्हा केवळ उच्चारसुलभतेने या क्रमाची उपपत्ती लागत नाही. आईबापांच्या बोलण्यातील त्या घटकांच्या वारंवारतेशीही क्रमाचा सहसंबंध आढळला नाही. म्हणजे केवळ वर्णनाने दोन सुलभ उपपत्ती दुबळ्या ठरविल्या.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तीन मुलांवरून सर्व मुलांविषयी अनुमान काढणे धाडसाचे होय. त्याच वर्षी जिल व पीटर डी व्हिलियर्स यांनी २१ मुलांमध्ये बहुतांशी तसाच क्रम दाखविल्याने त्याला बळकटी आली. निरीक्षकाच्या उपस्थितीने बोलणे बदलू शकते. शिवाय सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अधिक बोलणाऱ्या आईचे मूल अधिक बोलते, असे आढळले तरी आईमुळे मूल बोलके झाले, की बोलक्या मुलामुळे आई अधिक बोलू लागली, हे त्यावरून ठरत नाही.

सारांश, वर्णन हे प्रयोगाचे दुय्यम रूप नव्हे. कशाचे कारण शोधावयाचे, हे प्रथम वर्णनच निश्चित करते. इंग्रजीतील क्रम मराठी मुलांना लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. लिंग, वचन व विभक्ती यांचे प्रत्यय ती कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, हे त्यांचे बोलणे ऐकून व टिपूनच ठरवावे लागेल.