७ भागिले २ किती? भाषेवर अवलंबून आहे!

तिरोड्यातल्या कोडिंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, हे करून पाहा. सी भाषेत ७/२ चं उत्तर ३ येतं, पायथन ३ मध्ये ३.५! लिहिलं तेच, अर्थ वेगळा. प्रोग्रॅमचा नेमका अर्थ गणिताने ठरवणारी शाखा म्हणजे सिमँटिक्स.

याच शाखेत १९६९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी प्रोग्रॅम बरोबर असल्याचं तर्काने सिद्ध करण्याची पद्धत मांडली. चाचणीत चूक सापडू शकते. चूक नाहीच, हे सांगायला सिद्धता लागते.

याच्या अगदी जवळच्या विषयात आपल्या आयआयटी मुंबईचं काम मोठं आहे. उदय खेडकर आणि धनंजय ढमढेरे यांनी १९९४ मध्ये डेटा फ्लो विश्लेषणाच्या एका महत्त्वाच्या प्रकाराचा व्यापक सिद्धांत मांडला. प्रोग्रॅम न चालवताच त्यातली माहिती कुठून कुठे जाते, हे या विश्लेषणातून कळतं. कंपायलर त्यावरूनच निरुपयोगी कोड काढून टाकतो. २००९ मध्ये खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं याच विषयावरचं पुस्तक आलं.

हे शिकायला सुरुवात कुठून करायची? तर्कशास्त्र आणि संचसिद्धांत पक्के करा. मग फक्त बेरीज, अट आणि लूप असलेली छोटी भाषा स्वतः बनवा आणि तिचा इंटरप्रिटर लिहा. प्रत्येक ओळीचा अर्थ तुम्हालाच ठरवावा लागेल. शंका आल्या तर कमेंटमध्ये विचारा!