एसएमपीएस घेताना लेबल वाचा!

"आई, पुन्हा बंद पडला!" गेल्या वर्षी आठवडाभर आमच्याकडे रोज संध्याकाळी ही हाक ऐकू यायची. धाकटीचा अ‍ॅनिमेशनचा कोर्स चालू होता, काम सादर करायला आठच दिवस उरले होते आणि संगणक नेमका चित्र तयार होताना मान टाकायचा.

बरं, तिच्यासाठी नुकतंच आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलेलं. माझ्या भिशीचे सगळे पैसे त्यात गेले. दुकानदार म्हणाला, रॅम कमी पडतेय. रॅम आणली, तरी तेच! हे म्हणाले, "जुन्या संगणकात पैसे घालायलाच नको होते." पोर रडकुंडीला आली. शेवटी शेजारच्या वहिनींच्या भावाने संगणकाची बाजू उघडली, आतल्या पत्र्याच्या पेटीवरचं लेबल वाचलं आणि विचारलं, "कार्ड नवं घेतलंत, मग हा एसएमपीएस का नाही बदलला?"

मैत्रिणींनो, भिंतीतली २३० व्होल्टची वीज संगणकाला पचेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून देणारी ही पेटी. नवं कार्ड म्हणजे घरात वाढलेला खाणारा माणूस. चूल मात्र तीच ठेवली, तर कसं भागणार?

आता हिशेब पाहा. आमच्या पेटीवर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलं होतं. पण कार्ड आणि प्रोसेसर चालतात ते १२ व्होल्टवर, आणि त्या रकान्यात होते फक्त १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट! कार्डाला लागतात १७०, प्रोसेसरला ६५, पंखे-डिस्क वगैरेंना पन्नासेक धरा. झाले २८५. चांगल्या ४५० वॅटच्या पेटीवर १२ व्होल्टपुढे ३५-३६ अँपिअर असतात. तेव्हा मोठा आकडा पाहून भुलू नका, गुणाकार करा.

वर थोडी शिल्लक हवीच, कारण कामाच्या भरात क्षणभर मागणी वाढते. ग्राफिक्स कार्डाची कंपनी किती वॅटची पेटी घ्यावी ते सांगते. या कार्डासाठी ५५० सांगितले आहेत, तेवढीच आम्ही घेतली.

"जास्त वॅटची घेतली तर बिल वाढेल ना?" ही शंका मलाही आली. तसं नसतं. संगणक मागेल तेवढीच वीज पेटी ओढते. फरक पडतो तो वाया जाणाऱ्या विजेचा. समजा संगणकाला २०० वॅट हवेत. शंभरातले ८० पोचवणारी पेटी भिंतीतून २५० ओढेल, ९० पोचवणारी साधारण २२२. रोज पाच तास असं काम असेल, तर महिन्याला चारेक युनिटं वाचतात. म्हणून पेटीवर '८० प्लस'ची खूण पाहा. ब्राँझ, गोल्ड अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. घरच्या कामाला ब्राँझ पुरते.

दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा:

• जुन्या पेटीचा आणि तिच्या वायरींचा फोटो सोबत न्या. लहान कॅबिनेटमध्ये नेहमीची पेटी बसत नाही. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत तर आकार आणि जोडण्याही निराळ्या असतात.

• कार्डाला सहा किंवा आठ पिनांची जोडणी लागत असेल, तर ती मूळ पेटीलाच हवी. जोडवायरीवर भागवू नका.

• सुट्या होणाऱ्या वायरी असतील, तर जुन्या पेटीच्या वायरी नवीला लावू नका. टोक बसतं, पण आतली मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते.

• मागे ११५-२३० असं बटण असेल, तर ते २३० वरच असू द्या.

• पक्कं बिल आणि निदान तीन वर्षांची वॉरंटी मागून घ्या.

आणि एक. जुनी पेटी घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत बराच वेळ वीज साठून राहते. संगणकाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलावून घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

धाकटीचं काम शेवटच्या दिवशी वेळेत गेलं. रॅमचे पैसे मात्र उगाच गेले. परवा नणंदेने मुलासाठी कार्ड घ्यायचं काढलं, तेव्हा हेच म्हणाले, "आधी वहिनीला लेबल दाखव."