बचावपटूची किंमत कशी ठरते?

प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने पहिल्यांदा विजेतेपद पटकावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. साखळीतील २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि अवघे २ पराभव अशी कामगिरी करून संघ ९६ गुणांसह अव्वल राहिला होता. उपांत्य फेरीत त्याने पाटणा पायरेट्सला २१ गुणांवर रोखले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार या संघाचा कर्णधार होता आणि हंगामातील सर्वात मौल्यवान खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. अस्लम प्रामुख्याने चढाईपटू. प्रतिस्पर्ध्यांना कमी गुणांत अडवण्याचे काम मात्र बचावफळीचे होते. त्या फळीतील कोणाचा वाटा किती, हे ठरवताना अनेक गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

कबड्डीत सातजणांचा बचाव दोन कोपऱ्यांवर उभा असतो. पलटणच्या डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, तर मध्यरक्षक म्हणून डावीकडे संकेत सावंत आणि उजवीकडे अबिनेश नादराजन खेळत. कोपरारक्षकाचे मुख्य हत्यार घोटा पकड आणि मांडी पकड. मध्यरक्षक चढाईपटूची परतीची वाट अडवतो किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलतो. कामे वेगळी असल्याने कोपरारक्षकाची तुलना कोपरारक्षकाशीच करणे योग्य.

पहिला निकष पकडींच्या गुणांचा. शादलुईने त्या हंगामात ९९ गुण मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याला मिळाला. संघाच्या २४ सामन्यांशी भागले तर सामन्यामागे चारहून थोडे अधिक गुण येतात. एका सामन्यात पकडींचे पाच गुण म्हणजे ‘हाय फाइव्ह’ आणि ती चांगली कामगिरी मानली जाते, हे लक्षात घेतले की ही सरासरी किती मोठी आहे ते कळते. याआधी २०१८-१९ च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने एका हंगामात १०० गुणांचा टप्पा पहिल्यांदा गाठला होता.

दुसरा निकष यशाच्या प्रमाणाचा. पकड फसली की चढाईपटूला गुण मिळतो आणि बचावपटू बाद होऊन बाहेर बसतो. समजा, एका बचावपटूने १०० पकडी केल्या आणि ६० साधल्या, तर दुसऱ्याने ६५ केल्या आणि ४५ साधल्या. प्रत्येक फसलेल्या पकडीला एकच गुण गेला असे धरले, तरी पहिल्याची निव्वळ कमाई २० गुणांची आणि दुसऱ्याची २५ गुणांची होते. गुणांच्या यादीत पहिला वर दिसतो, संघाला फायदा दुसऱ्याने अधिक करून दिलेला असतो. उतावळा बचावपटू यादीत चमकतो आणि संघाला महाग पडतो, तो असा.

तिसरा निकष प्रसंगाचा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड ठरते आणि एकाऐवजी दोन गुण मिळतात. शिवाय लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणे, टळतो किंवा पुढे ढकलला जातो. लोणाचे दोन जादा गुण आणि प्रतिस्पर्ध्याचा चढलेला जोर पाहता अशा एका पकडीचे मोल फार मोठे असते. तिसऱ्या चढाईचेही तसेच. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. अशा वेळी पुढे न झेपावता जागा धरून उभा राहिलेला बचावपटूही संघाला गुण मिळवून देतो. तो गुण त्याच्या खात्यात मात्र जमा होत नाही.

इथे आकड्यांची मोठी उणीव दिसते. कोपरारक्षक घोटा धरतो, चढाईपटू एका पायावर मध्यरेषेकडे झेप घेतो आणि त्याच क्षणी मध्यरक्षक आडवा येऊन त्याला रोखतो. पकड दोघांची असते, नोंद साधारणपणे एकाच्या नावावर होते. म्हणून शादलुईच्या ९९ गुणांत त्याच्याच बाजूला खेळणाऱ्या संकेत सावंतचाही हिस्सा धरायला हवा. बर्फावरच्या हॉकीत यावर एक उपाय फार पूर्वीपासून आहे. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, यांची वजाबाकी त्याच्या नावावर मांडली जाते. कबड्डीतही बचावपटू मैदानात असतानाच्या आणि बाहेर असतानाच्या चढायांचा असा हिशेब ठेवता येईल. चढाईपटूंचा परिणामही त्यात धरावा लागेल, कारण अस्लमसारखा चढाईपटू गुण मिळवून बाद खेळाडूंना परत आणतो, तेव्हाच कोपऱ्यांना पूर्ण फळीची साथ मिळते.

पुढच्या हंगामांनी या मूल्यमापनाची परीक्षा घेतली. पलटणने दहाव्या हंगामासाठी शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले होते. २०२४ च्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला पुण्याच्या बालेवाडीत हरियाणाने विजेतेपद जिंकले. पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. मात्र त्या हंगामात अस्लमही दुखापतीमुळे बाहेर पडला होता, त्यामुळे सगळी घसरण शादलुईच्या जाण्यावर टाकता येत नाही. २०२५ मध्ये पलटणने शादलुईविनाच पुन्हा अंतिम फेरी गाठली. एकटा मोठा बचावपटू फरक पाडतो, पण स्थिरावलेली जोडी आणि निरोगी चढाईपटूही तेवढेच मोलाचे असतात, हे या तीन हंगामांवरून दिसते.

प्रो कबड्डीबाहेर निवड समित्यांकडे इतके आकडे नसतात. मार्च २०२४ मध्ये अहमदनगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची ७०वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. अशा स्पर्धेत पोहोचण्यासाठी खेळाडूला गाव, तालुका आणि जिल्हा पातळीवर बहुधा जाणकारांच्या नजरेतूनच पुढे यावे लागते. तिथेही साध्या वहीत तीन रकाने पुरतात : किती पकडी केल्या, किती साधल्या आणि त्या वेळी मैदानात किती साथीदार होते. हंगामभर ते प्रामाणिकपणे भरले, तर नुसत्या गुणांच्या यादीत मागे राहिलेला चांगला बचावपटू निवड समितीच्या नजरेतून सुटत नाही.