सिस्टरपुढची पायरी

31 जानेवारी 2021, पोलिओ लसीकरणाचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवावं लागलं, सुदैवानं सगळी बरी झाली. त्यानंतर कारवाई झाली ती आशा, अंगणवाडी सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी या तिघांवर. यातली पहिली दोन पदं गावात कुणालाही ठाऊक असतात. तिसरं तेव्हा नवंच होतं.

गावकरी त्याला ‘सीएचओ’ म्हणतात, समोर असेल तेव्हा ‘मॅडम’ किंवा ‘सर’. नर्सिंग शिकलेल्या यवतमाळच्या मुलीला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ व्हायचं असेल, तर तिच्या आवाक्यातलं सर्वांत जवळचं काम हेच.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासणारी, निदान करणारी, औषध लिहून देणारी परिचारिका. 1965 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांची टंचाई असलेल्या वस्त्यांतल्या मुलांची तपासणी कुणी करायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आज तिथं साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत आणि अनेक राज्यांत त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्वतंत्रपणे काम करता येतं. फोर्डबाई 2025 मध्ये 104 व्या वर्षी वारल्या.

भारतातही या नावाचे अभ्यासक्रम आहेत. अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे. बाळंतपणासाठी 18 महिन्यांचं प्रशिक्षण आहे, त्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं डिसेंबर 2018 मध्ये जाहीर केली. अडचण पुढं येते. अभ्यासक्रम झाले, पण त्या नावाची पदं आणि पगारश्रेणी सरकारी दवाखान्यांत अजून रुजलेली नाहीत.

दार उघडलं ते दुसऱ्याच बाजूनं. 2018 मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली. ठरलेल्या निकषानुसार सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र असतं. तिथं आधी एएनएम सिस्टर लसीकरण आणि गरोदर बायांची तपासणी सांभाळायच्या. आता त्यांच्या जोडीला सीएचओ आले. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि शुगर पाहणं, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी, ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देणं, ही त्यांची कामं. बीपीची गोळी डॉक्टर सुरू करतो. पुढं ती महिन्याच्या महिन्याला रुग्णाच्या हाती पडते की नाही, हे उपकेंद्रावर बघायचं. खरा कस लागतो तो या दुसऱ्या कामात.

यवतमाळात तो जास्तच लागतो. झरी जामणी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, घरात कोलामी बोलली जाते. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी. विदर्भातल्या आदिवासींत आणि इतर काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याची पहिली चाचणी उपकेंद्रावर होऊ शकते, पण वाहक असलेल्या मुलामुलीला लग्नाआधी समजावून सांगायचं, तर त्या घरात उठबस लागते. शिवाय कपाशी. 2017 च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बाहुल्या बारीक झाल्यात, लाळ गळतेय, घाम सुटलाय, हे वेळेत ओळखून अंगावरचे कपडे काढून धुणारं आणि रुग्णाला तातडीनं पुढं पाठवणारं कुणीतरी गावाजवळ असणं किती मोलाचं, हे त्या हंगामानंतर इथं वेगळं सांगावं लागत नाही.

मग तिथवर पोहोचायचं कसं? बारावी सायन्सनंतर चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग हा सरळ रस्ता. जीएनएम ही पदविका तीन वर्षांची. त्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. सीएचओसाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागतो. बीएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमात तो भाग आधीच मिसळलेला आहे. या पदासाठी आयुर्वेद आणि युनानीचे पदवीधरही पात्र असतात आणि महाराष्ट्रात सुरुवातीला त्यांचाच भरणा अधिक होता. त्यामुळं नर्सिंगच्या मुलीला स्पर्धा आपल्याच वर्गातल्या मैत्रिणींशीच नाही, बीएएमएस झालेल्यांशीही आहे.

मिळकतीत गोम आहे. महिन्याला 25 हजार ठरलेले आणि कामगिरीनुसार 15 हजारांपर्यंत, अशी रचना. नोकरी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, म्हणजे कंत्राटी. ऑक्टोबर 2023 मध्ये अभियानाचे कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी राज्यभर संपावर गेले होते. अमेरिकेतल्या नर्स प्रॅक्टिशनरला औषध लिहिण्याचा अधिकार कायद्यानं मिळतो. इथल्या सीएचओचा अधिकार योजनेच्या मार्गदर्शक सूचनांपुरता. योजना बदलली की तोही बदलणार. जबाबदारी मात्र पूर्ण असते. कापसी-कोपरीत ते दिसलंच. चूक अक्षम्य होती, पण जिथं एका चुकीवर कारवाई होते, तिथं पद कायम असावं आणि प्रशिक्षण नियमित व्हावं, ही अपेक्षा अवाजवी नाही. राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा 2023 मध्ये झाला. त्यानं 1947 चा जुना कायदा मोडीत काढला. परिचारिकांच्या वाढीव अधिकारांना ठोस रूप द्यायचं असेल, तर ते आता या आयोगाच्या हातून व्हायला हवं.

तोवर ज्या घरात मुलगी किंवा मुलगा नर्सिंगला जायचं म्हणतोय, त्यांनी कॉलेजची इमारत आणि वसतिगृह बघण्याआधी त्या कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कोणत्या रुग्णालयात किती खाटांवर शिकायला मिळतं, हे विचारावं. आणि झेपत असेल तर जीएनएमपेक्षा थेट बीएस्सीच करावी.