पहिली गाडी घेताय? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा
शिरूर आणि दौंडच्या कुटुंबांसाठी छोट्या गाड्यांचा सरळ हिशेब

मोटारसायकलवर पुढे लहान मुलगा, मध्ये मुलगी, मागे अम्मी आणि हँडलला अडकवलेली पिशवी. शिरूर किंवा दौंडमध्ये लग्नाच्या दिवसांत हे चित्र रोज दिसतं. असं कुटुंब हायवेवर उतरलं की पाहणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो. त्यामुळे "आता एखादी छोटी गाडी घेऊ या" ही चर्चा अनेक घरांत चालू आहे आणि ती हौसेची म्हणता येणार नाही. दादीला दवाखान्यात न्यायचं असतं, मुलीला परीक्षेला सोडायचं असतं, रात्री-अपरात्री पुण्याला जावं लागतं.

या चर्चेला जोर आला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून. त्या दिवशी छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता. आता सरळ १८ टक्के आहे. त्या वेळी जाहीर झालेल्या सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती अशा होत्या: मारुती एस-प्रेसो सुमारे ३.५० लाख, अल्टो के१० सुमारे ३.७० लाख, रेनॉ क्विड ४.३० लाख, टाटा टियागो ४.५७ लाख, मारुती सेलेरियो ४.७० लाख आणि वॅगन-आर जवळपास ५ लाख.

किमती अधूनमधून बदलतात, म्हणून आजचा आकडा शोरूममधून लेखी घ्या. आणि हे सगळ्यात खालच्या मॉडेलचे आकडे आहेत, हे विसरू नका. शोरूममध्ये दाखवतात ती गाडी बहुतेक वेळा वरच्या मॉडेलची असते.

एक्स-शोरूम आणि ऑन-रोड

जाहिरातीतली किंमत आणि गाडी दारात उभी राहीपर्यंतचा खर्च यांत बराच फरक पडतो. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स आहे. सीएनजीवर तो आधी ७ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून ८ टक्के झाला. म्हणजे ५ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ५५ हजार रुपये नुसता रोड टॅक्स.

त्यावर विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावाच लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे १००० सीसीच्या आतल्या गाडीला तो ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये (वर जीएसटी). अल्टो, एस-प्रेसो, क्विड, सेलेरियो आणि १ लिटर इंजिनची वॅगन-आर पहिल्या गटात येतात. टियागोचं इंजिन ११९९ सीसीचं आहे, म्हणून ती दुसऱ्या गटात.

शोरूमवाला फाइलचे, हाताळणीचे, ॲक्सेसरीजच्या पॅकेजचे पैसे लावत असेल तर प्रत्येक रकमेची पावती मागा. सीट कव्हर आणि मॅटिंग बाहेरूनही घेता येतं. विमासुद्धा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. दोन-तीन ठिकाणी दर विचारा.

शिरूरचा हिशेब वेगळा, दौंडचा वेगळा

एकाच जिल्ह्यातली ही दोन गावं, पण गाडीचा हिशेब सारखा नाही. दौंड हे रेल्वेचं जंक्शन आहे. पुण्याला रोज कामाला किंवा कॉलेजला जाणारा माणूस पास काढून लोकल गाडीने जातो. शिरूरला रेल्वे नाही. वाघोली, खराडी, पुणे, नाहीतर उलट दिशेला अहिल्यानगर, सगळं रस्त्यानेच. एसटी, कंपनीची बस किंवा स्वतःची गाडी.

म्हणून "कोणती गाडी चांगली" हा प्रश्न विचारण्याआधी "आपली गाडी महिन्याला किती चालणार" हे वहीत लिहा. पेट्रोल की सीएनजी, नवी की जुनी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी तिथूनच निघतात.

उदाहरण म्हणून पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. कंपनी अल्टोचं ॲव्हरेज पेट्रोलवर २४ च्या वर आणि सीएनजीवर ३३ च्या वर सांगते. पण एसी चालू, गाडीत पाच माणसं, शिक्रापूर-वाघोलीची कोंडी, म्हणून आपण १९ आणि २७ च धरू. पेट्रोलला किलोमीटरमागे साधारण साडेपाच रुपये पडतात, सीएनजीला ३ रुपये ३५ पैसे. फरक २ रुपये १५ पैशांचा.

सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा सुमारे ९० हजारांनी महाग असतं. रोड टॅक्स कमी लागतो म्हणून आठेक हजार वाचतात. राहिले ८२ हजार. ते वसूल व्हायला गाडी ३८ हजार किलोमीटर चालायला हवी.

आता दोन घरं समजा. दौंडमधल्या घरात अब्बा रेल्वेने कामाला जातात. गाडी निघते ती बाजाराला, केडगावच्या नातेवाइकांकडे, बारामतीच्या दवाखान्यात. महिन्याला ३०० किलोमीटर. या घराला सीएनजीचे जादा पैसे वसूल व्हायला साडेदहा वर्षं लागतील. शिरूरमधल्या घरात मुलगा आठवड्यातून तीन दिवस वाघोलीकडे कामाला जातो. महिन्याला १२०० किलोमीटर सहज होतात. त्याचे पैसे पावणेतीन वर्षांच्या आत वसूल.

दौंडच्या घराला साधी पेट्रोल गाडी बरी, आणि जुनी चांगली मिळाली तर आणखी बरी. शिरूरच्या घराला सीएनजीचा विचार करायला हरकत नाही. मात्र सीएनजीच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पंपावर रांग लागते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. आणि सिलिंडर डिकी खाऊन टाकतो. टियागोमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर खाली बसवलेले असतात, त्यामुळे थोडंफार सामान राहतं.

कोणाला कोणती

*अल्टो के१०:* लांबी साडेतीन मीटरच्या जरा वर, त्यामुळे शिरूरच्या जुन्या पेठेतल्या गल्लीतही वळते. मोहल्ल्यातल्या मेकॅनिकचा तिच्यावर हात बसलेला असतो. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं मात्र दाटीवाटीनेच बसतात. डिकी २१४ लिटरची.

*एस-प्रेसो:* इंजिन अल्टोचंच, पण बसायची जागा उंच. डिकी २४० लिटर. किंमत सगळ्यांत कमी.

*क्विड:* जमिनीपासून उंची १८४ मिलिमीटर, म्हणजे वस्तीवरच्या कच्च्या रस्त्याला आणि मोठ्या स्पीड ब्रेकरला सोयीची. डिकी २७९ लिटर. घेण्याआधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्यापासून किती लांब आहे ते बघा.

*सेलेरियो:* ॲव्हरेजसाठी ओळखली जाते आणि डिकी ३१३ लिटरची. रोज लांब जाणाऱ्याला उपयोगी.

*वॅगन-आर:* उंच छत, मोठे दरवाजे. गुडघे दुखणाऱ्या दादीला न वाकता बसता-उतरता येतं. डिकी ३४१ लिटर, या यादीत सगळ्यांत मोठी.

*टियागो:* इंजिन जरा ताकदीचं, गाडी वजनदार, हायवेवर स्थिर वाटते. किलोमीटरमागे पेट्रोल थोडं जास्त लागतं.

घरात सून किंवा मुलगी नव्याने गाडी शिकत असेल तर क्लच नसलेलं मॉडेल जरूर बघा. साधारण ४५ ते ५० हजार जास्त पडतात, पण गाडी घरात एकट्या पुरुषाची राहत नाही. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर चालवणारी दोन माणसं घरात असलेली बरी.

आणि सात-आठ माणसांचं घर असेल तर ही यादी बाजूला ठेवा. पाच सीटच्या गाडीत आठ जण बसवून वलिम्याला जाणं म्हणजे मोटारसायकलवरचा जुना धोका चार चाकांवर आणणं. अशा घराने सहा सीटची मारुती ईको किंवा सात सीटची रेनॉ ट्रायबर बघावी.

पाच हजारांच्या ॲक्सेसरीजपेक्षा मोठी गोष्ट

पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर हे दोन्ही रस्ते जड वाहनांचे आहेत. साखर कारखाने सुरू झाले की रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागे लाल दिवाही नसतो. म्हणून सुरक्षिततेकडे डोळेझाक करू नका.

अल्टो, सेलेरियो आणि वॅगन-आरमध्ये २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना मिळतात. पण एअरबॅग म्हणजे सगळं नव्हे, गाडीचा सांगाडाही मजबूत लागतो. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. नंतर चाचणीचे नियम कडक झाले. त्या नव्या नियमांखाली एस-प्रेसोला २०२२ मध्ये एक, तर २०२३ मध्ये अल्टो के१० ला दोन आणि वॅगन-आरला एक तारा मिळाला. या तीन चाचण्या सहा एअरबॅग येण्याआधीच्या आहेत, त्यामुळे आकडे एकास एक लावता येत नाहीत. तरी हायवेवर रोज धावणाऱ्या घराने ते माहीत करून घ्यावेत.

सगळ्यांत स्वस्त सुरक्षा म्हणजे मागचा सीटबेल्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी लाखांची असो की कोटींची, बेल्टशिवाय उपयोग नाही. आणि बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. एअरबॅग जोरात उघडते, तो मार बाळाला बसतो.

हप्त्याचा आणि व्याजाचा प्रश्न

"फक्त साडेसहा हजार हप्ता" हे ऐकायला गोड लागतं. ४ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ६,५४० रुपये येतो, पण व्याजच १ लाख ४९ हजार जातं. तेच तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,८०० आणि व्याज ६१ हजार. हप्ता लहान दिसला तरी गाडी ८८ हजारांनी महाग पडते.

आपल्या अनेक घरांत व्याजावर गाडी घ्यायचीच नाही असं ठरलेलं असतं. भारतात इस्लामी बँकिंगची सोय नाही. रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं २०१७ मध्ये स्पष्ट केलं. मग वाट उरते ती तीन प्रकारची: भिशी आणि बचत, नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना, किंवा रोखीत जुनी गाडी. कर्ज सख्ख्या भावाकडून घेतलं तरी रक्कम आणि परतीची तारीख लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. देणं-घेणं लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे. भावाभावांत अबोला यायला न लिहिलेला व्यवहार पुरेसा होतो. "शून्य टक्के" योजना सांगितली तर एकच विचारा, "रोख दिले तर किती सूट?" ती सूट म्हणजेच लपलेलं व्याज असू शकतं. बाकी जायज-नाजायजचा प्रश्न आपल्या जाणत्या आलिमांना विचारावा.

जुनी गाडी घेताना

पाच-सहा वर्षांची चांगली ठेवलेली अल्टो किंवा वॅगन-आर अनेक घरांना पुरते. पण सौदा करण्याआधी हे बघा:

- आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि नाव लगेच बदलून घ्या. गाडी नातेवाइकाची असली तरी.
- विमा आपल्या नावावर १४ दिवसांच्या आत करून घ्या. नाहीतर अपघातात गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.
- परिवहनच्या ॲपवर थकलेली चलनं तपासा.
- १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का ते बघा.
- गाडी सकाळी थंड असताना सुरू करून बघा आणि सोबत आपला मेकॅनिक न्या. त्याला दिलेले पाचशे रुपये वाया जात नाहीत.

शेवटी एक घरगुती कसोटी. हप्ता, इंधन, आणि विमा-सर्व्हिसिंग-टायरसाठी महिन्याला दीड हजार, एवढी रक्कम मिळवा. ती सलग तीन महिने वेगळी काढून ठेवा. मुलांची फी, किराणा आणि अम्मीची औषधं न थांबवता ती बाजूला पडली तर गाडी आपल्याला झेपते. नाही पडली तर अजून एक वर्ष थांबा किंवा जुनी बघा. दारात गाडी उभी असून पेट्रोलला पैसे नसणं यापेक्षा ते कधीही चांगलं.